तुंगीच्या उलट्यांचा नकाशा

चामुंडीची शपथ घेऊन सांगतो, पुढं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

म्हणजे माणसांची नावं तेवढी बदलली आहेत. कुत्र्यांची खरीच ठेवली, कारण कुत्री नंतर भांडायला दारात येत नाहीत. एकदोन ठिकाणी दिवस मागंपुढं झाले असतील. आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहिलं आहे. एवढं सोडलं तर सगळं खरं. आमचे पूर्वज म्हैसुरात लुगडी रंगवायचे. आता घरात रंगाची एक कढई उरलेली नाही, पण रंगाऱ्याचा हात कुठंतरी चालणारच की!

कुत्र्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. काळ्या पॅन्टीला केस चिकटतात तसे ते चिकटतात. बायको रोज दारातच झटकून घेते, तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच.

आमचा दवाखाना बोगादीच्या रस्त्याला. डॉक्टर शिवण्णा बोलायला कमी आणि हाताला नेमके. बाहेर एक लांब बाक. त्या बाकावर रोज जे बसत तेच आमचं मंडळ. या मंडळाचे किस्से सांगायचे तर तुंगीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण एका पावसाळ्यात त्या एका कुत्रीच्या पोटानं आमच्या अख्ख्या बाकाला कामाला लावलं होतं.

* * *

तुंगी भीमराव मास्तरांची. मास्तर भूगोलाचे, निवृत्त, सत्तरी ओलांडलेले, खिशात दोन पेनं आणि त्यातलं एक लाल. चार पिढ्या म्हैसुरात गेल्या, त्यामुळं मास्तरांनी महाराष्ट्र जन्मात पाहिलेला नाही. पण तिथल्या नद्या उगमापासून मुखापर्यंत तोंडपाठ.

त्या सकाळी मास्तर तुंगीला घेऊन आले आणि आल्याआल्या गुन्हा कबूल केला. आदल्या दिवशी त्यांनी तिच्या भातावर सारू ओतलं होतं, त्यात मिरे जास्त पडले होते, म्हणून ती गेले तीन दिवस सकाळी उलट्या करते आहे. कालच्या सारानं परवाची उलटी कशी होईल, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी तुंगीला टेबलावर घेतली, डोळे मिटून दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "मेष्ट्रे," म्हणजे मास्तर, "गुड न्यूज. पिल्लं आहेत."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "या वयात?"

कुणाच्या वयात, ते डॉक्टरांना पटकन कळेना. मलाही नाही.

तुंगी नऊ वर्षांची होती, आणि हे तिचं पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुत्रीला मळमळतं, चार-सहा दिवसांत थांबतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण या वयाला पोटात अन्न टिकलं नाही तर पिल्लंही जातील आणि आईही. म्हणून अन्न टिकवायचं तुम्ही, बाकीचं मी.

मग ते तुंगीला म्हणाले, "कूतको." म्हणजे बस. तुंगीनं भिंतीकडं पाहिलं. परत म्हणाले. तिनं दुसऱ्या भिंतीकडं पाहिलं. मास्तर हळूच म्हणाले, "बस गं," आणि ती बसली.

शारदाकाकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, तिला लहानपणापासून मराठीत वाढवलेली. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला, नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलणारी, शेजारपाजार सगळा कन्नड. मी होतो, पण मी दवाखान्यात. शिवाय माझ्या मराठीत अर्धं कन्नड मिसळलेलं असतं अशी मास्तरांची कायमची तक्रार.

मास्तरांनी माझा हात धरला. "नाग्या, डॉक्टरांना सांग, काहीही करा पण हिला वाचवा. घरात मी बोललेलं कळणारी ही एकटी उरली आहे."

मी डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितलं, "मेष्ट्रू म्हणतात, गोळी कडू नको."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "नागराज, एवढं लांब मराठी आणि एवढं आखूड कन्नड?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तुंगीला रोज आणायला सांगितलं.

* * *

आता बाप कोण?

मास्तरांनी महिना मागं मोजला, गल्लीतले सगळे नर डोळ्यांसमोर आणले आणि एक एक करून बाद केले. शेवटी उरला टायगर. टायगर हा शेजारच्या मूर्तीसाहेबांचा पोमेरेनियन. उशीच्या खोळीत मावेल एवढा.

मूर्तीसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. मास्तर आणि ते, कंपाउंडच्या भिंतीवरून पडलेल्या एका फणसावरून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मास्तर मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. मूर्तीसाहेबांनी टायगरला दारात उभं केलं आणि म्हणाले, या उंचीच्या प्राण्यावर असा आरोप ठेवताना मास्तरांनी निदान विज्ञानाचा तरी विचार करायला हवा होता.

मास्तरांनी खिशातून टेप काढला. टायगर मोजला. मग मागच्या दाराची पायरी मोजली. बेरीज बरोबर तुंगीएवढी आली.

मूर्तीसाहेबांनी टेप मागून घेतला आणि पायरी स्वतः परत मोजली. तेवढ्यात त्यांची बायको सरोजम्मा बाहेर आली. तिनं सगळं खिडकीतून ऐकलं होतं. तिनं पदर सावरला, मास्तरांना हात जोडले आणि म्हणाली, "म्हणजे आता आपण बीगरु झालो." बीगरु म्हणजे व्याही.

व्याह्यांना कॉफीशिवाय दारातून परत कसं पाठवणार? चार वर्षांचं भांडण त्या कॉफीत विरघळलं. फक्त दुसऱ्या दिवसापासून मूर्तीसाहेब मुलाकडच्या थाटात बाकावर बसायला लागले आणि मास्तरांना विचारायला लागले, "आमच्या सुनेची काळजी नीट घेताय ना?"

* * *

चार-सहा दिवस उलटले, पण उलट्या काही थांबेनात. मग बाकावर औषधं निघाली. समोर फुलं विकणारी पुट्टम्मा जिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा, घेऊन आली. मूर्तीसाहेबांनी लिंबू सुचवलं. मी आमच्या आत्याचा आवळ्याचा मोरंबा सुचवला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना कापसाचा एकेक बोळा धरायला दिला आणि शांत बसायला सांगितलं.

डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं, की उलटी कधी होते, कशी होते, रंग कोणता, जरा लक्ष ठेवून सांगा. दुसरा कुणी असता तर "पिवळी" म्हणाला असता. मास्तर तीन दिवसांनी नकाशा घेऊन आले.

ड्रॉइंग पेपर. वर शीर्षक. उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. एक इंच म्हणजे तीन फूट. सगळं घर आखलेलं, आणि जिथं जिथं तुंगीला उलटी झाली तिथं रंग भरलेला. पिवळी असेल तर आडव्या रेघा, फेसाची असेल तर ठिपके, न पचलेला भात असेल तर चौकटी. प्रत्येकीशेजारी वेळ. न्हाणीघराजवळ एक निळी रेघ होती. ती नळाची गळती होती, पण नकाशात पाणी दाखवावंच लागतं, म्हणाले.

आम्ही हसून घेतलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बोट फिरवत गेले. सगळ्या आडव्या रेघा तुळशीजवळ, आणि सगळ्यांची वेळ पहाटेची. सगळ्या चौकटी स्वयंपाकघरात, आणि सगळ्यांची वेळ दुपारच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटांतली.

म्हणाले, "मेष्ट्रे, ही रात्रभर उपाशी राहते म्हणून पित्त पडतं. आणि दुपारी तुम्ही एकदम ताटभर घालता म्हणून भात पडतो. थोडं थोडं पाच वेळा द्या."

एवढंच! ना गोळी, ना इंजेक्शन.

मास्तरांनी घरी जाऊन वेळापत्रक लावलं. शाळेतून निवृत्त होताना मिळालेली पितळी घंटा ओसरीत टांगली. पहिला तास भात आणि ताक, दुसरा तास उकडलेलं अंडं, मग मधली सुट्टी, अशी पाच जेवणं. आठवड्यात उलट्या थांबल्या आणि तुंगी घंटेला शिस्तीत यायला लागली.

टायगरही यायला लागला. वर्गात नाव नसताना. मूर्तीसाहेबांना विचारलं तर म्हणाले, जावयाला ताटावरून उठवायची रीत तुमच्यात असेल, आमच्यात नाही.

* * *

पोट वाढायला लागलं तशी डॉक्टरांनी ताकद येण्यासाठी उकडलेलं कोंबडीचं मांस द्यायला सांगितलं. साधं, मीठ-मसाला काही नाही.

मास्तर गळ्यात माळ घातलेले. त्यांच्या घरात अंडं आलं तेच तुंगीच्या नावावर, आणि तेसुद्धा ओसरीतल्या स्टोव्हवर उकडून. कोंबडी कोण शिजवणार? पुट्टम्मा म्हणाली, त्यात काय, मी करते.

पुट्टम्माचा हात म्हणजे काय सांगू! तिच्या घरी सणानंतर दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं उगाच फुलं विकत घ्यायला जातात. तिनं डबा आणला. तुंगीनं डब्यासकट खायचं बाकी ठेवलं. आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर, मास्तरांच्या चपलेवर.

डॉक्टरांनी विचारलं, मसाला घातला होता का. पुट्टम्मा म्हणाली, नाही. मिरची? नाही. मग त्यांनी डब्याचा वास घेतला आणि डबा तिच्या नाकाशी धरला.

पुट्टम्मानं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "लवंग, दालचिनी, थोडं खोबरं. तो मसाला नव्हे, डॉक्टर. नुसत्या पाण्यात कोंबडी शिजवायला माझा हात वळेना. पोटुशीच्या ताटात बेचव वाढलं तर पाप लागतं."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी मला तिच्या चुलीसमोर उभं केलं. मी पहारा द्यायचो. बाई पातेल्याकडं पाठ करून रडायची.

* * *

यापुढचा किस्सा हसत सुरू होतो, पण मधे थोडा वेळ हसता येत नाही. आधीच सांगून ठेवतो.

सरोजम्मानं सीमंत करायचं ठरवलं. आपलं डोहाळजेवण. सुनेचं सीमंत सासरनं करायला हवं, लोक काय म्हणतील? मास्तर एरवी हो म्हणाले नसते. पण शारदाकाकूंची फार इच्छा होती सुनेचं डोहाळजेवण करायची. सुनेनं बंगळूरच्या हॉटेलात केक कापला, आणि काकूंनी आणलेल्या हिरव्या बांगड्या कपाटातच राहिल्या. त्या बांगड्या मास्तरांनी स्वतः काढून दिल्या.

सकाळी अकराचा मुहूर्त. तुंगीला पाटावर बसवली. बांगड्या पायात राहिनात, म्हणून मोगऱ्याच्या माळेत ओवून गळ्यात घातल्या. बायकांनी ओवाळलं. पुट्टम्मानं गाणं म्हटलं. तुंगी अशी बसली होती, की माझ्या बायकोनं तिकडं बघून मला ऐकवलं, "माझ्या वेळी एवढं कुणी केलं नव्हतं."

आणि पाच प्रकारचे भात. चिंचेचा, लिंबाचा, दह्याचा, बिसिबेळे आणि गोड केशरी भात. सगळे नुसते समोर मांडायचे, तिनं नाक लावायचं, आणि मग माणसांनी जेवायचं असं ठरलं होतं. पण फोटो काढायला सगळ्यांनी मान वर केली, आणि मान खाली केली तेव्हा केशरी भाताचं पातेलं रिकामं होतं. तूप, साखर आणि मूठभर मनुका.

पहिली उलटी सरोजम्माच्या रेशमी साडीवर झाली. ती म्हणाली, असू दे, आपलीच पोर आहे. दुसरी अंगणात झाली. पाचवीला रक्त दिसलं.

मूर्तीसाहेबांच्या गाडीतून तिला दवाखान्यात आणली. मनुका म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. कुत्र्यांना मनुका विषासारख्या, आणि वर पोटात पिल्लं. त्यांनी सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, आता संध्याकाळपर्यंत काय ते कळेल.

आम्ही सगळे बाकावर. सरोजम्मा डागाळलेल्या साडीतच बसून होती. मास्तर आत, टेबलाशेजारच्या स्टुलावर. त्यांनी तुंगीच्या कानाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. तास झाला, दोन तास झाले, आवाज थांबेना.

डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणतात ते?

मी म्हटलं, "नद्या."

डॉक्टर म्हणाले, "थांबवू नकोस."

गोदावरी झाली, तिच्या उपनद्या झाल्या. भीमा, नीरा, इंद्रायणी, मुळा, मुठा झाल्या. कोयना, वारणा, पंचगंगा झाल्या. तुंगी पडून होती. मास्तरांचा आवाज बसला, तरी ते कृष्णेबरोबर खाली उतरत राहिले. राज्याची सीमा ओलांडली. घटप्रभा, मलप्रभा. आणि तुंगभद्रा म्हणाले तेव्हा टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

शेपटी होती.

मास्तर बाहेर आले आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "नदीचं नाव ठेवावं ते असं." मग तिथंच बाकाच्या टोकाला बसून, तोंडावर रुमाल धरून, बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा मात्र डोळ्यांवरच होता.

* * *

दिवस भरत आले. मास्तरांनी आम्हाला सक्त ताकीद दिली होती, की दारात येताना हात दाखवायचे, खिसे दाखवायचे. पुट्टम्माच्या केसातली फुलंसुद्धा तपासली जात.

एका दुपारी मास्तर धावत आले. सत्तरीचा माणूस, पायात एकच चप्पल. तुंगीनं सकाळपासून घंटेकडं ढुंकून पाहिलं नाही, आणि आता पुन्हा उलटी झाली. "गेली माझी तुंगी," एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले.

डॉक्टरांनी थर्मामीटर घेतलं आणि चालत निघाले. घरी जाऊन ताप बघितला. ताप नव्हताच, उलट अंग नेहमीपेक्षा गार. आणि डॉक्टर शिवण्णा, ज्यांना मी बावीस वर्षांत चारदा हसताना पाहिलं, ते हसले. म्हणाले, "मेष्ट्रे, बाकीच्या उलट्या तुमच्या होत्या, ही तिची आहे. वेळ जवळ आली की होते कधीकधी."

तुंगीसाठी मास्तरांनी मऊ गोधड्यांची पेटी केली होती. ती तिनं हुंगलीसुद्धा नाही. ती गेली पलंगाखाली. तिथं मास्तरांनी शाळेतून रद्दीत निघालेला एक जुना भिंतीचा नकाशा जपून ठेवला होता, म्हैसूर राज्य असं नाव असलेला, कापडावर चिकटवलेला. तुंगीनं तो ओढून पसरला, पंजांनी खरवडून हवा तसा गोळा केला आणि त्यावर बसली. मास्तर कळवळले. डॉक्टर म्हणाले, बेडा, म्हणजे नको, आता हलवू नका.

चार वाजेपर्यंत चार पिल्लं झाली. एक तुमकूरला, एक धारवाडच्या खाली, एक समुद्रात. आणि चौथं, शपथेवर सांगतो, अर्धं बेळगावावर आणि अर्धं सीमेच्या पलीकडं.

मूर्तीसाहेब वाकून बघत होते. म्हणाले, "मास्तर, हे तुमचं की आमचं?"

मास्तर म्हणाले, "आईनं चाटून पुसलं की सीमा राहते कुठं?" आणि खरोखर, तुंगीनं तेवढी जागा चाटून चाटून इतकी साफ केली, की आजही त्या नकाशात तिथं नुसतं कापड आहे.

* * *

चारही माद्या. नावं मास्तरांनीच ठेवली: भीमा, नीरा, वारणा, कोयना. कोयना घरी राहणार होती. बाकीच्या तिघींना मागणी बाकावरच तयार होती. एक पुट्टम्माला, एक मूर्तीसाहेबांना. तिसरी लामाजींना.

लामाजी बैलकुप्प्याच्या तिबेटी मठातले. आठवड्यातून एकदा मठाची गाडी सामानाला म्हैसुरात यायची, तिच्यातून मठातली कुत्री घेऊन ते आमच्याकडं येत. शांत माणूस, वय चाळिशीचं, कन्नड कामापुरतं.

मास्तरांनी पिल्लं द्यायला होकार दिला, पण एक अट घातली. म्हणाले, ही पोरं दोन महिने आईकडून आणि माझ्याकडून एकच भाषा ऐकत आली आहेत. नव्या घरात गेल्यावर कुणी काय बोलतं तेच कळलं नाही तर भलतंच काही खातील आणि पोट बिघडवून घेतील. तेव्हा ज्याला पिल्लू हवं त्यानं आधी मराठी शिकायचं.

मूर्तीसाहेब म्हणाले, मास्तर, कुत्रं आठवड्यात कन्नड शिकेल. मास्तर म्हणाले, शिकेल ना, पण तो आठवडा त्यानं कसा काढायचा?

ओसरीत वर्ग भरला. फळा, खडू, घंटा, सगळं. मी सहायक शिक्षक. ये, बस, खा, थांब, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नको. पुट्टम्मा "नको" इतक्या प्रेमानं म्हणायची, की पिल्लू दुप्पट खायचं. तिला तेवढ्या एका शब्दासाठी तीनदा परीक्षेला बसवलं. मूर्तीसाहेब घरी वही लिहायचे आणि वर्गात पुढं बसून हात वर करायचे. लामाजी आठवड्यातून एकदाच येत, पण लहानपणापासून पोथ्या पाठ केलेला माणूस. एकदा ऐकलं की संपलं. मास्तर बोलण्याआधी खाकरायचे, तर लामाजींनी तेही पाठ केलं. मास्तरांनी त्यांना लाल पेनानं पैकीच्या पैकी दिले.

पिल्लं गेली. त्यानंतर मास्तर रोज सकाळी तुंगीला आणि कोयनेला घेऊन पिल्लांची पोटं तपासायला निघत. पोट बघायला दोन मिनिटं पुरतात. मास्तर दोन तासांनी घरी यायचे. पुट्टम्मा फुलं ओवता ओवता त्यांना मराठीत भाव सांगायची. सरोजम्मा "बसा, कॉफी घ्या" म्हणायची. चुकायची, मास्तर दुरुस्त करायचे, ती मुद्दाम परत चुकायची.

डॉक्टरांनी एकदा मला विचारलं, मेष्ट्रू हल्ली दवाखान्यात का येत नाहीत? मी म्हटलं, तब्येत सुधारली. त्यांनी विचारलं, कुणाची? मी म्हटलं, सुम्ने, म्हणजे आपली उगाच, सगळ्यांचीच.

* * *

आता शेवटचा.

दोन वर्षांनी आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचा एक इंजिनिअर राहायला आला. कुलकर्णी. मुलगा सज्जन, पण एक खोड. आम्ही तोंड उघडलं की तो आमचं मराठी नीट करायचा. "काका, असं नाही म्हणत," हे त्याचं रोजचं गुड मॉर्निंग. माझी बायको तर त्याच्यासमोर कन्नडच बोलायला लागली.

एका रविवारी त्याला मठ बघायचा होता. मी म्हटलं, चल, माझी तिथं ओळख आहे.

बैलकुप्प्याला पोचलो. सोनेरी मूर्ती बघून झाल्या, फोटो काढून झाले. आम्ही मागच्या अंगणात आलो. तिथं लालभडक वस्त्रातले एक भिक्षू आमच्याकडं पाठ करून उकिडवे बसले होते. समोर पोट सुटलेली, जडावलेली एक कुत्री. नुकतंच गवत खाऊन तिनं फरशीवर ओकलं होतं आणि अपराध्यासारखी उभी होती.

भिक्षूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झाली ना उलटी? सांगत होतो, नीरा, तो लोण्याचा प्रसाद तुझ्यासाठी नव्हे. घाबरू नकोस हं बाळा, पोटुशीला होतं असं. ये, पाणी पी. हळू. एकदम नको."

कुलकर्णी जागच्या जागी थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कळसाकडं पाहत होतो.

तो पुढं गेला, वाकला आणि जरा चाचरतच विचारलं, की महाराज, आपण मूळचे कुठले?

लामाजी वळले. "तिबेट," म्हणाले.

मग मराठी?

लामाजींनी हात जोडले, आणि जरा ओशाळून कुत्रीकडं बोट दाखवलं. "काय करणार. हिला दुसरी भाषा येत नाही."

कुलकर्णी परत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे."

आता देवीची शपथ घेतली आहे, तेव्हा कबूल करतो. नीरा खरी, तिची उलटी खरी, लामाजींचं उत्तर शब्दाला शब्द खरं. कुलकर्णीचं हे एक वाक्य तेवढं मी रचलं. तो काहीच बोलला नव्हता. परतीच्या वाटेवर थेट हुणसूर गाव येईपर्यंत गाडीत नुसता बसून होता. आता पुण्याच्या माणसाचं गप्प बसणं कागदावर कसं लिहितात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.